टीव्हीवाले युट्युबवर का आले? फेरीबोट आणि पायलटची गोष्ट

एक दिवस भर दुपारी डिचोलीहून आईचा फोन. "आरे बाबू, मोबायलार सिरियल पळयतालें तें चित्र खंय गेलें?" चित्र म्हणजे ॲपचा आयकॉन. मी पणजीला ऑफिसात, समोर साहेब बसलेले, तरी दहा मिनिटं समजावलं की ॲप कुठे गेलं नाही, दोन कंपन्या एक झाल्या म्हणून नाव आणि रंग बदललाय. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "ती सिरियल टीव्हीचेर लागता, मोबायलार लागता, युट्युबार लेगीत लागता. मागीर हे लोक पयशे खंयच्यान जोडटात?"

आता मग हे लोक पैसे कुठून कमावतात, याचं उत्तर फोनवर कसं देणार. आणि खरं सांगायचं तर मलाही ते तेव्हा नीट येत नव्हतं. नंतर वाचत गेलो, एकदोन ओळखीच्या केबलवाल्यांशी, पत्रकारांशी बोललो आणि लक्षात आलं की आईने बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय, जगातल्या सगळ्या टीव्ही कंपन्या गेली वीस वर्षं हाच प्रश्न सोडवतायत.

आधी फेरीबोट समजून घेऊ

चोडणची फेरी रायबंदरहून सुटते. तिच्यात एक माणूस असो नाहीतर शंभर, डिझेल तेवढंच जळतं. जुना टीव्ही म्हणजे ही फेरी. उपग्रहावरून सिग्नल एकदा खाली सोडला की तो एका घराने पकडला काय आणि एक कोटी घरांनी पकडला काय, चॅनलचा खर्च तोच. म्हणून जितके जास्त लोक तितका फायदा. फक्त फेरीच्या वेळेला तुम्ही धक्क्यावर पाहिजेत, आठची सिरियल आठलाच, चुकली तर चुकली.

ऑनलाईन व्हिडिओ म्हणजे पायलट. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी, जी फक्त तुम्हाला घेऊन जाते, तुम्ही सांगाल तेव्हा आणि सांगाल तिथे. वाटेत थांबायचं असेल तर थांबते पण. पण शंभर माणसं न्यायची तर शंभर पायलट लागणार, म्हणजे प्रत्येक बघणाऱ्यामागे कंपनीचा खर्च वाढतो. प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवावी लागते, सर्व्हर लागतात, वीज लागते.

मग १९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्ड कपची फायनल डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोकांनी पाहिली ती कशी? त्याची युक्ती आमच्या मासळीवाल्यांना माहितीय. मासळीसाठी प्रत्येक घरातून माणूस मालीम जेटीवर जात नाही, मासळी गावागावच्या बाजारात येते. तसंच व्हिडिओच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर आणून ठेवतात, लाईव्ह मॅच असेल तर तयार होईल तशी, तुम्ही प्ले दाबलं की तो जवळच्या सर्व्हरवरून येतो. आणि व्हिडिओचे काही काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकडा चांगल्या आणि हलक्या अशा वेगवेगळ्या दर्जाचा तयार असतो, तुमचं नेट मंदावलं की हलका तुकडा येतो. मॅचमध्ये ऐन सिक्सच्या वेळी चित्र धूसर होतं ते याच्यामुळे, फोन बिघडलेला नसतो.

थाळीचा धंदा

टीव्ही कंपनीला पैसे दोन वाटांनी यायचे, एक जाहिरात आणि दुसरी तुमच्या केबलच्या बिलातला वाटा.

केबलचं बिल म्हणजे थाळी. किसमूर खायचं नसलं तरी ताटात येतंच आणि पैसे ताटाचे. घरात तीन चॅनल बघितले जायचे पण बिल शंभर-दोनशे चॅनलचं. ट्राय या सरकारी नियामक संस्थेने २०१९ साली नियम बदलले, म्हणे हवे तेच चॅनल निवडा, १०० चॅनलना १३० रुपये आणि जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, वरून पैशाचे चॅनल वेगळे. झालं काय, तर कंपन्यांनी सुटे चॅनल महाग आणि पॅक स्वस्त ठेवले, लोकांनी परत थाळीच घेतली. आमच्याकडे तर केबलवाल्याने स्वतःच एक पॅक टाकून दिला, निवडायला वेळ कोणाकडे होता.

जाहिरातीचं गणित अजून मजेशीर. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटंच जाहिरात दाखवता येते, जागा कमी म्हणून भाव. आणि भाव ठरतो टीआरपीवर, म्हणजे किती लोक बघतात त्या अंदाजावर. हा अंदाज बार्क नावाची संस्था काढते, देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत बसवलेल्या मीटरवरून. यातली एक गंमत गोंयकारांनी लक्षात ठेवावी अशी आहे. बार्कच्या हिशेबात गोवा हा वेगळा बाजार नाहीच, "महाराष्ट्र/गोवा" असा एकच कप्पा आहे. २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख, आणि तिकडे अकरा कोटी. म्हणजे डिचोलीत माझी आई रोज तीन सिरियल बघते याचा मुंबईतल्या चॅनलच्या हिशेबावर फरक म्हटला तर शून्य. मराठी सिरियलमध्ये गोवा येतो तो हनिमूनला किंवा बीचवर दारू प्यायला, याचं अर्धं कारण मला तरी इथे सापडलं.

मुद्दा असा की जुन्या टीव्ही कंपनीला तिचं गिऱ्हाईक कधी माहितीच नव्हतं. माहिती होतं ते केबलवाल्याला. कोण बिल देतो, कोण बुडवतो, कोणाच्या घरात गणपतीला एक्स्ट्रा कनेक्शन लागतं, सगळं त्याच्या वहीत. पुढची सगळी मारामारी या वहीची आहे, हे एकदा डोक्यात ठेवलं की बाकी सोपं जातं.

आधी भांडले, मग स्वतःची होडी काढली

२००५ मध्ये युट्युब आलं, पुढच्या वर्षी गुगलने ते १६५ कोटी डॉलरला घेतलं. टीव्हीवाल्यांची पहिली प्रतिक्रिया काय, तर कोर्ट. एमटीव्हीची मालक व्हायाकॉमने २००७ मध्ये युट्युबवर १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला की आमच्या कार्यक्रमांचे तुकडे चोरून टाकतात. युट्युबचं म्हणणं असं की यातले काही तुकडे तुमच्याच माणसांनी पब्लिसिटीसाठी गुपचूप टाकलेत. म्हणजे एका हाताने केस आणि दुसऱ्या हाताने अपलोड. २०१४ मध्ये तडजोड झाली.

दुसरी पायरी, जुना माल विकणे. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये ऑनलाईन दाखवायला सुरुवात केली तेव्हा मोठमोठ्या स्टुडिओंनी त्याला आपल्या जुन्या सिरियल भाड्याने दिल्या, कपाटात पडून होत्या, फुकटचा पैसा मिळाला. अमेरिकेतल्या एनबीसी या टीव्ही कंपनीचे तेव्हाचे बॉस जेफ झकर यांनी २००८ मध्येच भीती बोलून दाखवली होती की टीव्हीवरचा रुपया सोडून ऑनलाईनचे पैसे-दोन पैसे हातात येतील असं व्हायला नको. झालं तसंच. नेटफ्लिक्स वाढलं आणि आपण घातलेल्या खतावर शेजाऱ्याचा माड वाढला हे यांना उशिरा कळलं.

मग तिसरी पायरी, स्वतःची होडी. यालाच ओटीटी म्हणतात, म्हणजे केबलवाल्याच्या डोक्यावरून थेट तुमच्या फोनवर येणारं चॅनल. आपल्याकडे स्टारने २०१५ मध्ये हॉटस्टार काढलं, झीने २०१८ मध्ये झी५, सोनीचं सोनी लिव्ह होतंच. तिकडे डिस्नेने आपला माल नेटफ्लिक्सवरून काढून घेतला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू केलं. ऐकायला भारी, पण २०२२ च्या आर्थिक वर्षात त्यांना या ऑनलाईन धंद्यात सुमारे ४०० कोटी डॉलरचा तोटा झाला. कारण परत तेच, पायलटचा खर्च. त्यात गिऱ्हाईक एक महिना पैसे भरतं, आवडती सिरियल संपवतं आणि सोडून जातं, केबल असं सहज कोण सोडायचं नाही.

सरकार पण मागे नाही बरं का. दूरदर्शन-आकाशवाणीवाल्या प्रसार भारतीने आपलं ओटीटी "वेव्हज" सुरू केलं ते आपल्या इफ्फीतच, म्हणजे गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात, २० नोव्हेंबर २०२४ ला. इफ्फीत २०२३ पासून वेब सिरिजला वेगळा पुरस्कार आहे आणि २०२४ चा मिळाला "लंपन" या मराठी सिरिजला, जी दाखवली सोनी लिव्हने. म्हणजे टीव्ही कंपनीचं ॲप, मराठी गोष्ट, आणि सत्कार पणजीत. हीच गोष्ट रात्री साडेआठच्या स्लॉटला चॅनलवर घेतली असती का? मला नाही वाटत. तिथे सासू लागते.

क्रिकेटमध्ये सगळं उघडं पडलं

आयपीएलचे हक्क २०१८ ते २०२२ साठी स्टारने टीव्ही आणि ऑनलाईन मिळून १६,३४७ कोटींना घेतले होते. पुढच्या पाच वर्षांसाठी बोर्डाने दोन्ही वेगवेगळे विकले. टीव्हीला मिळाले २३,५७५ कोटी आणि भारतातल्या ऑनलाईनला दोन पॅकेज मिळून २३,७५८ कोटी. ऑनलाईनने टीव्हीला पहिल्यांदा मागे टाकलं, थोडक्यात का होईना. ऑनलाईन घेतलं व्हायाकॉम१८ ने, म्हणजे अंबानींच्या घरातली कंपनी, आणि २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर चक्क फुकट दाखवली.

एवढे पैसे ओतून फुकट? बारमध्ये चणे फुकट असतात, का असतात? जो चणे खातो तो अजून एक पेग मागवतो. इथे पेग म्हणजे मोबाईल डेटा, आणि जाहिराती वेगळ्या. पण शुद्ध टीव्ही कंपनीकडे पेग नाही, तिच्याकडे फक्त चणेच आहेत आणि तेच विकून पोट भरायचंय. ही लढाई बरोबरीची नव्हतीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेचा भारतातला धंदा (म्हणजे स्टार आणि हॉटस्टार, आयपीएलचे टीव्हीचे हक्क त्यांच्याकडेच होते) आणि व्हायाकॉम१८ एकत्र आले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार झालं, टीव्हीचे आणि ऑनलाईनचे हक्क फिरून एकाच छपराखाली. आणि मॅच काही मिनिटं फुकट, पुढे पैसे. चणे संपले.

मग युट्युबवर फुकट का टाकतात?

आईचा खरा प्रश्न हा होता. पूर्वी ज्यांनी केस केली तेच आता सिरियलचे तुकडे, जुने एपिसोड, प्रोमो सगळं स्वतः युट्युबवर टाकतात. एका बावीस मिनिटांच्या एपिसोडमधून थपडेचा शॉर्ट वेगळा, रडण्याचा वेगळा, "पुढच्या भागात" वेगळा.

एक तर जाहिरातीचा वाटा. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के टाकणाऱ्याला आणि ४५ युट्युबला, शॉर्ट्सच्या वाटपात उलटं, टाकणाऱ्याला ४५. आता तुलना करा, ट्रायच्या नियमात केबलवाल्याचं वितरणाचं कमिशन २० टक्क्यांपासून सुरू होतं आणि सूट-बिट धरली तरी ३५ च्या वर जात नाही. म्हणजे ज्या केबलवाल्याला चॅनलवाले इतकी वर्षं लुटारू म्हणत होते त्याच्यापेक्षा नवा दलाल महाग पडला. पण त्याच्याकडे माणसं आहेत, काय करणार.

दुसरं म्हणजे जुना माल. वीस वर्षांपूर्वीची सिरियल टीव्हीवर परत लावायला स्लॉट नसतो, युट्युबवर स्लॉट हा प्रकारच नाही, रात्री दोन वाजता दुबईतला कोणी पेडण्याचा माणूस बघतो, त्याचे पण चार पैसे.

आणि तिसरं, कोर्टात न जाता चोर पकडायची सोय. युट्युबकडे २००७ पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे, गाण्या-व्हिडिओंचा आधार नंबरच म्हणा ना. तुम्ही जत्रेतल्या नाटकाचा व्हिडिओ टाकला आणि त्यात मध्येच पार्श्वसंगीत म्हणून हिंदी गाणं वाजलं, तर मशीन ते ओळखतं. मग गाण्याचा मालक तीन गोष्टी करू शकतो, व्हिडिओ अडवायचा, नुसता बघत राहायचं, किंवा त्यावरच्या जाहिरातीचे पैसे स्वतः घ्यायचे. बहुतेक कंपन्यांना तिसरी आवडते. जत्रेचे लाईव्ह करणाऱ्या पोरांना म्हणून सांगतो, नाटकवाल्यांना आधी विचारा कुठली गाणी आहेत ती.

अजून एक छोटं गुपित. व्हिडिओ आठ मिनिटांपेक्षा मोठा असेल तरच मध्ये जाहिरात घालता येते, आधी ही अट दहा मिनिटांची होती. पाच मिनिटांची बातमी नऊ मिनिटं का ताणतात ते आता कळलं ना?

व्ह्यूज म्हणजे प्रेक्षक नव्हे

"पण त्यांना लाखो व्ह्यूज येतात, मग पैसा असणारच की," असं बरेच जण म्हणतात. थांबा. फेसबुकवर बरीच वर्षं तीन सेकंद व्हिडिओ चालला की तो व्ह्यू धरायचे. युट्युबच्या शॉर्ट्सवर तर ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला की मोजतात, अंगठा सरकवताना चुकून चालला तरी. टीव्हीचा टीआरपी अंदाजच आहे, मान्य, पण तो तिसरा माणूस काढतो. इथे दुकान त्याचं, तराजू त्याचा आणि पावती पण त्याचीच.

याचा फटका बसलेला आहे. २०१५-१६ च्या सुमारास फेसबुकच्या आकड्यांवर विसंबून अमेरिकेतल्या कितीतरी बातम्यांच्या कंपन्यांनी लिहिणाऱ्या पत्रकारांना काढलं आणि व्हिडिओवाले भरले. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने स्वतःच कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो तो आकडा दोन वर्षं फुगलेला दिसत होता. जाहिरातदारांनी केस केली, ४ कोटी डॉलरवर मिटली. काढलेले पत्रकार काही परत आले नाहीत.

आमच्या पेपरवाल्यांचं काय

पर्वरीला विधानसभेबाहेर उभं राहून बघा. मंत्री बाहेर आले की समोर माईकचा गठ्ठा, त्यातले निम्मे टीव्हीचे नसतातच, पेपरचे असतात. पूर्वी पेपरचा रिपोर्टर वही घेऊन मागे उभा राहायचा आणि संध्याकाळी निवांत बातमी द्यायचा. आता तोच माणूस एका हाताने मोबाईल धरतो, दुसऱ्या हाताने लोगोचा माईक, लाईव्ह करतो, मग तुकडा कापून पाठवतो, मग वेबसाईटला चार ओळी, मग पेपरची बातमी. पगार एकच. एका मित्राला विचारलं की यात प्रश्न कधी विचारतोस, तो हसला फक्त.

पण गोव्यासाठी यात एक बरी बाजू पण आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. टीव्हीच्या हिशेबात आपण "महाराष्ट्र/गोवा"तला तो तिरपा दांडा होतो. ऑनलाईनमध्ये म्हापशाचा दुकानदार फक्त बार्देशातल्या लोकांना जाहिरात दाखवू शकतो, चतुर्थीच्या आधी माटोळीचं सामान विकायचं तर त्याला नागपूरच्या प्रेक्षकाचे पैसे भरावे लागत नाहीत. म्हणून गावचं भजन, दिंडी, शिगमो दाखवणारं लहान चॅनल तग धरू शकतं, जे उपग्रहावर कधीच शक्य नव्हतं. अडचण एवढीच की त्या जाहिरातीचा मोठा घास गुगल आणि मेटाकडे जातो, आणि कोणी बघितलं ती वही पण त्यांच्याकडेच राहते. लोकल चॅनलला महिन्याच्या शेवटी आकडा कळतो, माणूस कळत नाही.

केबलवाला मात्र हुशार निघाला. आमच्याकडे जो मुलगा पूर्वी केबलची वायर जोडायला यायचा तोच आता फायबर जोडून देतो, वर विचारतो, "ओटीटीचा पॅक घालूं मरे?" म्हणजे थाळी परत आली, फक्त वाट्या बदलल्या.

म्हणजे टीव्ही मेला का?

नाही, आणि असं म्हणणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. अमेरिकेत मे २०२५ मध्ये नील्सनच्या मोजणीत ऑनलाईन बघण्याचा वाटा ४४.८ टक्के झाला आणि साधा टीव्ही अधिक केबल यांच्या बेरजेला त्याने पहिल्यांदा मागे टाकलं. पण ही मोजणी होती टीव्हीच्या पडद्यावरची, फोनवरची नाही. हॉलमधला पडदा तोच, त्यात येणारी वायर बदलली. आपल्याकडे तर कोट्यवधी घरांत अजून केबल, डिश किंवा दूरदर्शनची फुकटची फ्री डिश आहे.

आणि उलटी गंगा पण सुरू झालीय. स्मार्ट टीव्हीवर आता फुकटची इंटरनेट चॅनल येतात ज्यात ठरलेल्या वेळी ठरलेला कार्यक्रम लागतो, मध्ये जाहिराती. जुना टीव्हीच की हा! लोकांना दर वेळी "काय बघू" हे शोधायचा कंटाळा येतो, पोदेराची पों पों ऐकून दारात जायचं आणि जो असेल तो पाव घ्यायचा यात सुख असतं. फ्रान्समध्ये तर टीएफवन या जुन्या चॅनलवाल्यांनी जून २०२५ मध्ये नेटफ्लिक्सशीच करार केला की आमची चॅनल तुमच्या ॲपमध्येच दाखवा. ज्याच्याशी दहा वर्षं भांडले त्याच्या होडीत जाऊन बसले.

मग केबल बंद करू का?

हा प्रश्न मला गेल्या महिन्याभरात चार जणांनी विचारला. घरात कोण काय बघतं त्यावर आहे. जूनमध्ये पाऊस धो धो लागला की डिशचा सिग्नल जातो, कारण पाण्याचे थेंब उपग्रहाच्या लहरी शोषून घेतात, फायबरला पावसाचं काही नाही पण लाईट गेली की राऊटर पण गेला. दोन्ही ठेवायचे तर महिन्याचे पैसे जोडून बघा, तीन ओटीटी, फायबर आणि केबल मिळून जुन्या थाळीपेक्षा जास्तच भरतात.

डिचोलीचं केबल मी बंद करणार होतो. आईला सांगितलं, सगळं फोनवर येतं, उगीच दोनदा पैसे कशाला. ती म्हणाली, "फोन भजनाच्या ग्रुपाक जाय." म्हणजे फोन तिला भजनाच्या ग्रुपसाठी हवा. सातला दिवा लावून ती रिमोट घेऊन बसते, शेजारची वहिनी येते, दोघी सिरियलमधल्या सासूला शिव्या घालतात. फोनच्या पडद्यावर दोघींना एकत्र कसं बसता येणार, हे मी विचारलंच नव्हतं. केबलवाल्याला पैसे जीपे केले.